पत्ता सांगायचा नाही

"संघटना कोणाला लागते? ज्याला एकट्याने रस्ता ओलांडता येत नाही त्याला. मी इतकी वर्षं या शहराचे सगळे रस्ते एकट्याने ओलांडतोय," किल्लेदार म्हणाले आणि चहाचा कप असा काही खाली ठेवला, की विषय संपला.

समोर घरांच्या एजंटांच्या संघटनेचे चिटणीस बसले होते. सज्जन माणूस. खिशाला दोन पेनं, आवाजात साखर, आणि चिकाटी अशी, की काल नको म्हटलेल्या दारात आज पुन्हा तेवढ्याच हसऱ्या चेहऱ्याने उभे राहायचे.

"फायदे तरी ऐकून घ्या," चिटणीस म्हणाले. "विकायला आलेलं प्रत्येक घर कार्यालयातल्या फळ्यावर लागणार. पत्त्यासकट. घर एकाचं, पार्टी दुसऱ्याची, दलाली अर्धी-अर्धी. लपवाछपवी नाही, पळवापळवी नाही."

"पत्ता फळ्यावर?" किल्लेदारांनी कानांवर हात ठेवले. "चिटणीससाहेब, पत्ता फळ्यावर लिहिणारा एजंट म्हणजे दाराला किल्ली तशीच ठेवून फिरायला जाणारा माणूस. आमचा सगळा धंदा पत्त्यावर. पत्ता गेला की उरलं काय? नुसतं घर. आणि नुसतं घर काय, गवंडीसुद्धा बांधतो."

किल्लेदार हे त्यांचं आडनाव नव्हे बरं का. कमरेला किल्ल्यांचा जुडगा एवढा, की माणूस दिसायच्या आधी ऐकू यायचा. रिकामी घरं, बंद घरं, परगावी गेलेल्यांची घरं, सगळ्यांच्या किल्ल्या त्या जुडग्यात. कुठली कुठल्या दाराची हे ते न बघता सांगत. त्यावरून कोणीतरी किल्लेदार म्हटलं आणि ते नाव चिकटलं. खरं नाव त्यांच्या बायकोला ठाऊक होतं, पण ती बिचारी त्यांना "अहो" म्हणायची.

तो जमानाच वेगळा होता. आता काय, फोनवर बोट फिरवलं की घरंच घरं. आतून, बाहेरून, वरून, सगळीकडून दिसतात आणि एकही डोळ्यांत राहत नाही. तेव्हा घर हवं असलं की आधी माणूस गाठावा लागे. चौकात चहाच्या दुकानाबाहेर एक बाकडं होतं. बाकड्याच्या एका टोकाला किल्लेदार, दुसऱ्या टोकाला सावकाश, आणि मध्ये येऊन बसेल तो गिऱ्हाईक. तेच कार्यालय, तीच पाटी. पावसाळ्यात बाकडं आत जायचं, एवढाच काय तो बदल.

सावकाश हा दुसरा एजंट. गिऱ्हाइकाला घर दाखवताना "सावकाश बघा, सावकाश बघा" म्हणायचा, म्हणून सावकाश. किल्लेदारांचा तो आयुष्यभराचा स्पर्धक. दोघांचं पटत नव्हतं, पण एकमेकांवाचून चालतही नव्हतं. कधी घर याच्याकडे असायचं आणि पार्टी त्याच्याकडे. मग एकमेकांना घर दाखवणं आलं. आणि घर दाखवलं, की पत्ता कळणं आलं. पूर्वी एकदा सावकाशने असा पत्ता बघून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी थेट मालकाकडे जाऊन बसला. पुढच्या महिन्यात किल्लेदारांनी तेच केलं. फिटंफाट झाली, पण बाकड्यावर महिनाभर दोघांचीही पाठ एकमेकांकडे होती.

शेवटी चहावाल्याने मध्ये पडून तह घडवला. पाहुण्या एजंटाने गाडीत बसल्यापासून घराच्या आत पाऊल पडेपर्यंत तोंडासमोर वर्तमानपत्र धरायचं. घर आतून बघायचं, बाहेरून नाही. येताना पुन्हा पेपर. पार्टीला पत्ता कळला तर हरकत नाही, कारण पार्टी एकच घर घेते. एजंट सगळीच घेतो. हा तह दोघांनी इतका पाळला, की आपण स्वतः कुठे राहतो हेसुद्धा त्यांनी एकमेकांना कधी सांगितलं नाही. न जाणो, उद्या ते विकायला निघालं तर?

किल्लेदारांना या पेपरचं काही वाटत नसे. उलट अभिमानच होता. "पेपरआड बसवा नाहीतर पोत्यात घाला," ते म्हणायचे, "कुठल्या गल्लीत आहे ते मी सांगतो. खड्ड्यावरून सांगतो, वासावरून सांगतो. या शहरात मला ठाऊक नाही असं घर अजून बांधायचंय."

तर चिटणीस हात हलवत गेले आणि त्याच दुपारी बाकड्यावर हेडबाई येऊन बसल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. मोजकं बोलायच्या, पण बोलल्या की समोरचा आपोआप सरळ बसायचा.

"मला राहतं घर हवं," त्या म्हणाल्या. "माणसांनी वापरलेलं. नवं कोरं नको. नव्या घरात पाहुण्यासारखं वाटतं. खोल्या मोठ्या हव्यात. आणि आठवडाभरात दाखवा. जमत नसेल तर तसं सांगा, मी संघटनेच्या फळ्यावर बघते."

संघटनेचं नाव निघालं आणि किल्लेदार पेटले. "बाई, आठवडा कशाला? उद्या दाखवतो."

बोलून बसले खरे, पण जुडगा तीनदा चाळला तरी राहतं घर एकही निघेना. जे होतं ते रिकामं, कोंदट, किंवा भांडणातलं. नाइलाजाने ते बाकड्याच्या दुसऱ्या टोकाकडे सरकले.

"आहे का रे एखादं?"

सावकाशने चहा संपवला. पेला विसळला. मग पालथा घातला. त्याला घाई करून उपयोग नसतो.

"आहे," तो म्हणाला. "परवाच आलंय. जुनं आहे, पण घर कसं असावं म्हणशील तर तसं. आत शिरलं की माणूस हळू बोलायला लागतो. लग्न होऊन दोघं आली तेव्हापासूनचं घर. भिंतीवर खिळा कुठे ठोकायचा याचासुद्धा दोघांनी विचार केला असेल असं वाटतं. मालकीणबाई विकतायत. मालक कुठे नोकरीला असतो की काय कोण जाणे, घरात त्याचा पत्ताच नसतो."

किल्लेदारांनी हजार घरांची वर्णनं केली होती. ऐकायची वेळ पहिल्यांदाच आली. ऐकता ऐकता त्यांना कसंतरी झालं. "असं घर विकतात लोक?" ते म्हणाले. "करंटा असला पाहिजे मालक."

"आपल्याला काय? उद्या दहाला ये. पेपर आण."

दुसऱ्या दिवशी सावकाशच्या जुन्या गाडीत पुढे हेडबाई आणि मागे पेपरआड किल्लेदार. हेडबाईंनी एकदा मागे वळून पाहिलं.

"यांना वाचायला एवढं आवडतं?"

"धंद्याची पद्धत आहे, बाई," सावकाश म्हणाला.

गाडी निघाली. किल्लेदार मनातल्या मनात रस्ता वाचू लागले. हा बेकरीचा वास. हा शाळेपुढचा उंचवटा. ही लाकडाची वखार. म्हणजे गाडी नदीकडे चालली. सावकाशही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्याने वखारीला दोन फेऱ्या मारल्या, बेकरी पुन्हा घेतली आणि एका बोळात गाडी उलटी घातली. "नदीपलीकडची नवी वसाहत," किल्लेदारांनी पेपरआडून जाहीर केलं. "मागची ओळ, शेवटून दुसरं घर." सावकाश नुसता हसला.

गाडी थांबली. सावकाशने दंडाला धरून त्यांना उतरवलं. "मागच्या दाराने जायचंय," तो म्हणाला. "बाईंनीच सांगितलं. पुढून आलात तर समोरच्या दुकानदाराला कळेल, आणि त्याला कळलं की आमच्या ह्यांना कळेल."

आता ऐका. आपल्या घराच्या मागच्या बोळात किल्लेदारांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. मागचं दार म्हणजे दूध, केर आणि भांडी. त्यांचा संबंध पुढच्या दाराशी, तोही सकाळी बाहेर पडताना आणि रात्री उशिरा आत शिरताना. ते दाराची चौकट ओलांडून परसात आले, दार बंद झालं आणि त्यांनी पेपर खाली घेतला.

समोर दोरीवर निळ्या पट्ट्यांचा पायजमा वाळत होता. त्याला पांढरी नाडी होती. 'मालकाची आवड आपल्यासारखीच दिसते,' किल्लेदारांच्या मनात आलं. मग त्यांना कोपरा उडालेला धुण्याचा दगड दिसला. मग पाण्याच्या नळाला गुंडाळलेली चिंधी दिसली, आणि ती चिंधी त्यांच्याच जुन्या शर्टाची होती. तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि पदराला हात पुसत त्यांची बायको बाहेर आली.

सगळे एजंट तिला वहिनी म्हणत, म्हणून आपणही वहिनीच म्हणू. सगळे म्हणजे सावकाश सोडून. त्याने तिला परवापर्यंत पाहिलंही नव्हतं.

"या घराच्या मालकीणबाई," सावकाश म्हणाला. "आणि हे आमच्या धंद्यातले एक गृहस्थ."

वहिनींनी किल्लेदारांकडे पाहिलं. किल्लेदारांनी वहिनींकडे पाहिलं.

"नमस्कार," वहिनी म्हणाल्या.

"नमस्कार, बाई," किल्लेदार म्हणाले.

तुम्ही म्हणाल, तिथेच बोलून मोकळं व्हायचं. बोलणं सोपं आहे. शहरातलं एकही घर मला अनोळखी नाही म्हणणाऱ्या माणसाचं स्वतःचं घर विक्रीला निघतं, तेही सावकाशकडे, आणि तो तिथे तोंडावर पेपर धरून येतो. ही गोष्ट त्या बाकड्यावर पोचली असती तर बाकडंसुद्धा हसलं असतं. किल्लेदारांनी अब्रू धरून ठेवली आणि तोंड बंद. वहिनी का गप्प राहिल्या ते त्यांनाच ठाऊक. पण त्यांच्या डोळ्यांत एक जुनी खोडकर चमक आली होती, आणि ती किल्लेदारांनी फार दिवसांनी पाहिली.

आता एकच मार्ग होता. व्यवहार मोडायचा. पार्टीच्या एजंटाने घरात दोष काढायचे असतात, त्यामुळे कोणाला संशय यायचं कारण नव्हतं. किल्लेदारांनी घसा साफ केला.

"ही पायरी बघा, बाई. नको तेवढी उंच. माणूस पडेल."

"पडले होते," वहिनी हेडबाईंना म्हणाल्या. "आमचे हे. या घरात आलो त्याच दिवशी. माझी ट्रंक डोक्यावर घेऊन निघाले. म्हटलं, दोघं मिळून धरू. तर म्हणाले, तू फक्त बघ. मग मी बघितलं."

हेडबाई हसल्या. किल्लेदारांचा हात नकळत गुडघ्याकडे गेला.

"मग पायरी बदलून का नाही घेतलीत तुम्ही?" ते म्हणाले. बायकोला त्यांनी "तुम्ही" म्हटलं ते लग्न ठरायच्या आधी एकदा, त्यानंतर आत्ताच. म्हणताना जीभ अडखळली.

"ह्यांना वेळ झाला नाही," वहिनी म्हणाल्या.

किल्लेदार पुढच्या खोलीत घुसले. "ही खिडकी बघा. केवढी मोठी. धूळ येणार, ऊन येणार. कोणा शहाण्याने केलीय कोण जाणे."

"त्यांनीच केलीय. आधी लहान होती. म्हणाले, मी कोपऱ्यावरून वळलो की तुला दिसलो पाहिजे. गवंड्याशी भांडून भिंत फोडून घेतली. तेव्हा दिवेलागणीला यायचे. मी इथे उभी असायची, आणि ते कोपऱ्यावरूनच जुडगा वाजवायचे."

"काय वाजवायचे?" सावकाशने विचारलं.

"भिंतींना ओल आहे," किल्लेदार मोठ्याने म्हणाले. "छप्पर गळतं. न्हाणीघरात तर छत्री घेऊन जावं लागतं."

"अजून न्हाणीघर पाहिलं कुठे आपण?" हेडबाई म्हणाल्या.

"अंदाज, बाई. अनुभवाचा अंदाज."

किल्लेदार जितके दोष काढत होते तितक्या हेडबाई घरात रमत होत्या. खिडकीत उभं राहून पाहिलं, पायरीवर मुद्दाम दोनदा चढून पाहिलं. शेवटी त्या म्हणाल्या, "दोष म्हणजे काय, माणसं राहून गेल्याच्या खुणा. मला पसंत आहे. पण एक सांगा, इतकं आवडतं घर विकताय कशाला? मोठं पडतं का?"

वहिनींनी भिंतीवरून हात फिरवला. "घर मोठं नाही हो. रिकामं आहे," त्या म्हणाल्या. "मुलं आपापल्या घरी गेली. दिवसभर बोलायला मी आणि कुकर. कुकर निदान उत्तर तरी देतो."

किल्लेदारांना ते ऐकवेना. विषय बदलायला ते तरातरा मागच्या कोठीच्या खोलीकडे गेले. "आणि ही खोली तर कायम बंद. दार अडतं. असल्या खोल्या कोण घेईल?" असं म्हणत म्हणत, रागारागात, त्यांनी कमरेचा जुडगा काढला, न बघता एक किल्ली निवडली, कुलपात फिरवली, दाराला खालून गुडघा देऊन वर उचललं आणि दार उघडलं.

मग त्यांच्या लक्षात आलं.

सावकाश किल्लीकडे बघत होता. नेहमीसारखा सावकाश.

"तुझ्या जुडग्यात या घराची किल्ली?"

"एजंटाच्या जुडग्यात असतात बऱ्याच."

"आणि गुडघा? गुडघा कुठे द्यायचा तेही असतं जुडग्यात?"

"राहू द्या," हेडबाई म्हणाल्या. "मला पायरीपाशीच कळलं होतं. वर्गात दोन मुलं भांडत आली, की शेजारी शेजारी बसणारी कुठली ते आम्हाला सांगावं लागत नाही. परकी माणसं एवढी जीव तोडून भांडत नाहीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण मी इतकी वर्षं शिकवली. उदाहरण आज पाहिलं."

सावकाश मटकन पायरीवर बसला. "वहिनी? तुम्ही वहिनी? अहो, मला माहीत असतं तर..."

"म्हणून तर सांगितलं नाही, भाऊजी."

किल्लेदारांचा बांध फुटला. "पण मला? मला सांगायचं नाही? घर विकायला काढतेस आणि नवऱ्याला पत्ता नाही?"

"सांगितलं होतं," वहिनी म्हणाल्या. "जेवताना सांगितलं, कामाला निघताना सांगितलं. तुम्ही म्हणालात, घरी धंद्याचं बोलणं नको. मग म्हटलं, धंद्याचं बोलणं धंदेवाल्याशीच करावं."

घर वहिनींच्या नावावर होतं. 'मी जगाची घरं या हातातून त्या हातात फिरवतो, माझं फिरायला नको' म्हणून ऐटीत त्यांनीच ते तसं करून दिलं होतं. त्यामुळे ओरडायला फारशी जागा नव्हती.

"आणि रिकामं कुठे आहे?" किल्लेदार म्हणाले. "शेजार आहे, पाजार आहे."

"कुठला शेजार? डावीकडच्यांचं घर तुम्हीच विकून दिलंत, तिथे गोदाम झालं. उजवीकडच्यांचंही तुम्हीच, तिथे कचेरी झाली. समोरच्या मावशी मुलाकडे गेल्या, त्यांचं दुकान झालं. चांगला भाव आला म्हणून दर वेळी तुम्ही पेढे आणलेत. मी एकटीने खाल्ले."

मग किल्लेदारांनी पुरुषांचा शेवटचा डाव टाकला. "उद्याचा दिवस मी घरी बसतो," ते म्हणाले. "सकाळपासून संध्याकाळपर्यंत. मला कंटाळा आला तर तू म्हणशील ते. बाई, तुम्ही उद्या संध्याकाळी या."

"येते," हेडबाई म्हणाल्या. त्यांना निकाल लागलेला दिसत असावा.

दुसऱ्या दिवशी किल्लेदार घरी बसले. सकाळ झकास गेली. चहा झाला, पेपर झाला, आणि या वेळी तो त्यांनी खरंच वाचला. आंघोळ झाली. मग त्यांनी पायरी दुरुस्त करायला घेतली आणि हातोडी अंगठ्यावर मारून घेतली. अंगठ्याला पट्टी बांधून झाली. घड्याळ पाहिलं तर जेवायलासुद्धा अवकाश होता.

मग घर ऐकू यायला लागलं. फ्रिज मध्येच घुरघुरायचा आणि गप्प व्हायचा. गोदामाचं शटर एकदा वाजलं. वहिनी आपल्या कामात होत्या. त्यांना सवय होती. किल्लेदारांनी दोन-तीनदा "काय म्हणतेस?" विचारलं, त्यावर त्या "काही नाही" म्हणाल्या, कारण त्या काहीच म्हणाल्या नव्हत्या.

दुपारी विजेचं मीटर बघायला माणूस आला. किल्लेदारांनी त्याला आत घेतलं, पाणी दिलं, घर दाखवायला सुरुवात केली. खोल्यांची लांबी-रुंदी सांगितली, खिडकीची हकिगत सांगितली, कोठीचं दार गुडघ्याने उघडून दाखवलं. तो बिचारा "काका, मला अजून सगळी गल्ली करायचीय" म्हणत दाराकडे सरकत होता आणि किल्लेदार त्याच्या मागे मागे फाटकापर्यंत बोलत गेले. तो गेल्यावरही ते फाटकापाशी उभे होते.

परत आले तेव्हा वहिनी खिडकीत बसल्या होत्या.

"या वेळी तू काय करतेस रोज?" त्यांनी विचारलं.

"हेच. इथे बसते."

"आणि काय बघतेस?"

"कोपरा."

किल्लेदार शेजारी बसले आणि त्यांनीही कोपरा पाहिला. कोपऱ्यावरून कोणीही वळलं नाही. बराच वेळ वळलं नाही. ती भिंत फोडली तेव्हा आपण किती खुशीत होतो ते त्यांना आठवलं. गवंडी म्हणाला होता, एवढी मोठी खिडकी कशाला साहेब, आणि आपण म्हणालो होतो, तुला नाही कळायचं. इतकी वर्षं ही बाई या खिडकीतून काय बघत होती हे आपल्यालाही कळलं नाही. किल्लेदारांनी तिच्या हातावर हात ठेवला, पट्टी बांधलेल्या अंगठ्यासकट.

"तू म्हणशील ते," ते म्हणाले.

संध्याकाळी हेडबाई आल्या. दार किल्लेदारांनीच उघडलं, पुढचं. आणि मग त्यांनी घर दाखवलं. इतक्या वर्षांत हजारो वेळा घरं दाखवली असतील, पण असं कधी दाखवलं नव्हतं. पायरी सांगितली, ट्रंक सांगितली, मुलं कुठे रांगली ते सांगितलं. खिडकीपाशी आल्यावर मात्र ते बाजूला सरकले आणि तेवढं वहिनींनी सांगितलं. हेडबाई म्हणाल्या, त्या संध्याकाळी घरी मुलांना शिकवणार आहेत, म्हणून तर मोठ्या खोल्या हव्या होत्या. घरात पुन्हा गलका होणार हे ऐकून दोघांनाही बरं वाटलं. व्यवहार तिथेच ठरला.

त्या रात्री वहिनी म्हणाल्या, "नवीन जागा मी बघीन. तुम्ही येऊ नका. तुम्ही दोष काढता." किल्लेदारांनी मान डोलावली. मनात म्हणाले, बघू दे चार ठिकाणी. थकली की आपल्याकडेच येईल. त्यांनी दोन-तीन जागा हेरूनही ठेवल्या.

मग ते संघटनेच्या कार्यालयात गेले. चिटणीसांना वाटलं, भांडायला आले.

"सभासद करून घ्या," किल्लेदार म्हणाले.

"मत बदललं?"

"मत कसलं बदलतंय. पण आपल्याच घरी मी परक्यासारखा गेलो हो. फळ्यावर पत्ता असता तर सकाळीच कळलं असतं. सगळ्यांच्या आधी कळलं असतं. आता यापुढे या शहरात माझ्या नकळत एक खोलीसुद्धा हलता कामा नये." मागोमाग सावकाशही सभासद झाला. किल्लेदारांना पत्ते दिसणार आणि आपल्याला नाही, हे त्याला परवडणारं नव्हतं.

संघटनेची बैठक महिन्यातून एकदा व्हायची. खुर्च्या भरलेल्या, फळा पत्त्यांनी भरलेला. रीत अशी, की प्रत्येकाने उभं राहून महिन्यातले व्यवहार मोठ्याने सांगायचे आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. किल्लेदार पहिल्या रांगेत छाती काढून बसले होते. नव्या सभासदांचं स्वागत झालं. किल्लेदारांनी दोन शब्द बोलताना संघटनेचं महत्त्व असं काही पटवलं, की चिटणीसांनी डोळे पुसले.

मग सावकाश उभा राहिला.

"एकच व्यवहार," तो म्हणाला. "भाजीबाजाराच्या मागे, पहिला मजला, दोन खोल्या. जिन्यात शेजाऱ्यांची सतत ये-जा, गॅलरीत उभं राहिलं की तीन घरांशी बोलता येतं. काल विसार झाला. घेणार..." इथे त्याने किल्लेदारांकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "घेणार, आपल्या किल्लेदारांच्या मंडळी. मला वाटलं घरी बोलल्या असतील."

टाळ्या वाजल्या. सगळ्यांत जोरात किल्लेदारांच्याच वाजल्या, कारण शेवटचं वाक्य डोक्यात शिरायच्या आधी हात सुरू झाले होते. मग हळूहळू हात थांबले. ते उठले. चिटणीसांनी पाण्याचा ग्लास हाताशी ओढला.

"गॅलरी किती रुंद आहे?" किल्लेदारांनी विचारलं.

"अरुंदच आहे रे," सावकाश म्हणाला. "पण दोन खुर्च्या मावतात. ते बघितल्याशिवाय वहिनींनी विसार दिला नाही. शेजारणीकडून खुर्च्या मागून आणल्या. एकीत स्वतः बसल्या, दुसरीत मला बसवलं."

"तुला कशाला?"

"मापाला. बराच वेळ बसवून ठेवलं. मग म्हणाल्या, भाऊजी, जरा पसरून बसा, आमचे हे तुमच्या दीडपट आहेत."

सगळी सभा हसली. किल्लेदारांनी पोट आत ओढून घेतलं आणि ते हळूच खाली बसले.